दर चौथ्या शनिवारी बंद पडणारं घर: लिथियम बॅटरीच्या सोलर चार्जरचा दहा महिन्यांचा अनुभव

इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांची जोडी पाचव्या वर्षी बसली. दसऱ्यानंतर, ११ ऑक्टोबरला, तिच्या जागी २५.६ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. अमळनेर तालुक्यातलं आमचं घर, गच्चीवर ३३५ वॉटचे दोन पॅनल, खाली चार पंखे, फ्रिज, टीव्ही, वायफाय. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा सोलर चार्जर, मात्र जुना साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचाच ठेवला. दुकानदार म्हणाला, "चालून जाईल काका, चोवीस व्होल्टचाच आहे ना." बॅटरीत एवढा पैसा घातल्यावर मलाही तेच ऐकायचं होतं.

महिनाभर चाललंही. मग ८ नोव्हेंबरला दुपारी एकच्या सुमारास, कडक ऊन असताना, इन्व्हर्टर ओरडला आणि घर बंद. पाच मिनिटांनी आपोआप सुरू, परत बंद, असं तास-दीड तास. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. ६ डिसेंबरला पुन्हा तेच, ३ जानेवारीला पुन्हा तेच. आई कॅलेंडरवर दुधासोबत याच्याही खुणा करत होती. तिन्ही शनिवार. "शनिवारलेच कशी जास रे लाइट? मारोतीले तेल वाही ये." तेल वाहून आलो आणि येताना वायरमनला गाठलं. त्याने वायरींची टोकं (लग) आवळली, एमसीबी म्हणजे सुरक्षेचा स्विच बदलला आणि बॅटरीच डुप्लिकेट दिसते असं सांगून पैसे घेऊन गेला.

उत्तर आईच्या खुणांतच होतं. दिवस मोजले तर दर वेळी बरोबर २८. म्हणजे चार आठवडे, मग वार बदलेल कसा! माळ्यावरून कंट्रोलरची पुस्तिका शोधून काढली. बारीक अक्षरात लिहिलेलं: इक्वलाइज, दर २८ दिवसांनी, २९.६ व्होल्ट, दोन तास.

पाणी घालायच्या बॅटरीला हे लागतं. तिच्यात जड ॲसिड तळाशी बसतं, म्हणून अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन ते बुडबुड्यांनी ढवळून काढायचं. प्लेटांवरचं सल्फेटही त्यात सुटतं. लिथियममध्ये ढवळण्यासारखं काही नाहीच. माझ्या बॅटरीत ८ सेल सिरीजमध्ये आहेत, एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून २९.२. त्याच्या वर गेलं की आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. पॅनलचा करंट तर येतच असतो, घ्यायला बॅटरी नाही म्हटल्यावर वायरीवरचं व्होल्टेज उसळतं आणि इन्व्हर्टर 'बॅटरी हाय' दाखवून बंद पडतो. आमची बॅटरी बिचारी स्वतःचा जीव वाचवत होती आणि आम्ही तिलाच डुप्लिकेट म्हणत होतो.

जुन्या कंट्रोलरमध्ये इक्वलाइज बंद करायची सोयच नव्हती. म्हणून जानेवारीत धुळ्याला गेलो. तिथे प्रत्येक खोक्यावर 'लिथियम सपोर्ट' छापलेलं. एका दुकानात मी म्हटलं, लिथियम मोडवर टाका आणि आकडा दाखवा. स्क्रीनवर २९.४! हा आकडा दुसऱ्या जातीच्या लिथियमचा, ४.२ व्होल्टला भरणाऱ्या ७ सेलचा. फॉस्फेटच्या ८ सेलला तो जास्तच. दुकानदाराला हा फरक माहीत नव्हता, आणि महिनाभर आधी मलाही नव्हता. तेव्हापासून मी मोडचं नाव बघत नाही. व्होल्टेजचे आकडे स्वतः टाकता येतात का, इक्वलाइज पूर्ण बंद होतं का, आणि टेंपरेचर कॉम्पेन्सेशन शून्य करता येतं का, एवढं दुकानातच बटणं दाबून बघतो. हे शेवटचं लोक विसरतात. लेड-ॲसिडचा कंट्रोलर थंडीत व्होल्टेज वाढवतो, २४ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ३६ मिलिव्होल्ट. तापमान १५ अंशांनी उतरलं की अर्धा व्होल्ट वर. आपल्याकडच्या थंडीत तेवढ्यानेही बीएमएस चार्जिंग तोडू शकतो.

शेवटी ४० ॲम्पिअरचा एमपीपीटी घेतला, म्हणजे पॅनलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलून घेणारा कंट्रोलर. कंपनीचं नाव लिहीत नाही, तीच मशीन चार वेगळ्या स्टिकरखाली विकली जाते. पॅनलच्या बाजूने १०० व्होल्टपर्यंत झेपणारा स्वस्त पडत होता. माझ्या एका पॅनलचं ओपन सर्किट (काही न जोडता दिसणारं) व्होल्टेज ४५.९, दोन सिरीजमध्ये ९१.८, म्हणजे बसलं असतं. पण तो आकडा २५ अंशांचा. पॅनल थंड झाला की व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.३ टक्के वाढतं. सकाळी ७ अंश असेल तर ९७ च्या आसपास जातं. तीन व्होल्टच्या भरवशावर मशीन कोण ठेवणार? १५० वाला घेतला, दोन हजार जास्त गेले.

सेटिंग सध्या असं: चार्जिंग २८.४ पर्यंत, तिथे अर्धा तास, मग फ्लोट, म्हणजे भरल्यावर नुसतं टिकवून धरायचं व्होल्टेज, २७.०. पार २९.२ पर्यंत न्यायची गरज मला वाटली नाही, शेवटच्या त्या पाऊण व्होल्टमध्ये भरण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आणि २८.४ ला सेल बॅलन्स, म्हणजे सगळे सारखे भरलेले, व्हायला वेळ मिळतो. फेब्रुवारीपासून शनिवार असो की सोमवार, घर एकदाही बंद पडलेलं नाही. करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर जुन्या कंट्रोलरचे दुपारी १६ ॲम्पिअर दिसायचे, आता २१. एप्रिल-मेमध्ये हा फायदा कमी झाला, पॅनल तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं, आणि एमपीपीटी कमाई करतो ती त्या जादा व्होल्टेजवरच.

मे महिना वेगळाच गेला. कंट्रोलर मी हौसेने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लावला होता, पॅनलपासून वायर कमी लागते म्हणून. दुपारी दोनला त्याला हात लावला तर चटका बसला. करंट २१ वरून ११ वर आलेला, गरम झालं की मशीन स्वतःच हात आखडता घेते. बॅटरीच्या कागदावरही चार्जिंगला ४५ अंशांची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचीच हवा तेवढी तापते. कंट्रोलर आणि बॅटरी दोन्ही खाली जिन्याखालच्या कोपऱ्यात आणले, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. काम करताना आधी पॅनलचा एमसीबी पाडायचा, मग बॅटरी सोडायची. जोडताना उलट, आधी बॅटरी. वायरमनने हे नेमकं उलटं केलं होतं, नशीब म्हणून जुना कंट्रोलर वाचला.

पावसाळ्यात दोन-तीन दिवस ऊन नसलं की लाइटवरून भरावी लागते. त्यासाठी २९.२ व्होल्ट, २० ॲम्पिअरचा वेगळा लिथियम चार्जर आहे. संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज १८० वर आलं की तोही १३-१४ ॲम्पिअरच देतो. भरलं की पूर्ण थांबतो, फ्लोटला लटकत बसत नाही, हे मला आवडलं.

तक्रारी आहेतच. स्क्रीनवरचे बॅटरीचे चार दांडे निव्वळ शोभेचे. लिथियमचं व्होल्टेज भरपूर वेळ २६.४ च्या आसपास चिकटून राहतं, त्यावरून निम्मी उरली की पाऊण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शेवटी शंटचा मीटर वेगळा लावला, तो आत गेलेले आणि बाहेर आलेले ॲम्पिअर मोजतो. कंट्रोलरच्या पंख्याचा आवाज रात्री नसतो, पण तो धूळ पकडतो. वावटळीच्या दिवसांत दोनदा उघडून ब्रशने साफ केला.

जुना पीडब्ल्यूएम टाकून दिला नाही. मळ्यातल्या खोलीत पाण्याच्या जुन्या बॅटऱ्या आहेत, त्यांच्यावर लावलाय. दर २८ दिवसांनी तिथे बुडबुडे येतात, आणि मी डिस्टिल्ड पाणी घेऊन जातो.