आमच्या फारगोत नवं डिझेल इंजिन बसवलं: देवास नाक्याच्या गॅरेजचा अनुभव

आधी गाडी सांगतो, मग गॅरेज, नाहीतर मी एवढा खूश का आहे ते कळणार नाही.

आमची फारगो म्हणजे ट्रक, 1958 चा. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, क्रायस्लरच्या लायसन्सवर बनायच्या या गाड्या. डॉज, डिसोटो, फारगो अशी तीन नावं होती पण पत्रा जवळजवळ एकच, डीलर वेगळा म्हणून बिल्ला वेगळा. आजोबा हिच्यात सनावदहून कापसाच्या गासड्या भरून इंदूरच्या मिलांना पोचवायचे, आणि बाबा लहानपणी सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून जायचे. पुढे मिलाच बसल्या, हुकुमचंद मिल 1991 ला बंद झाली, धंदा गेला, पण गाडी कोणी विकू दिली नाही. इंदूरला आमच्या रामबागेतल्या गल्लीत ती वळतसुद्धा नाही म्हणून राऊच्या प्लॉटवर शेड घालून ठेवलीय, आणि दर रविवारी बाबा जाऊन स्टार्ट करायचे.

इंजिन होतं पर्किन्सचं पी-सिक्स. सहा सिलिंडर, 4.7 लिटर, ताकद 80 हॉर्सपॉवरच्या आसपास, डिझाइन दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं. आपल्याकडे मद्रासच्या सिम्पसनवाल्यांनी ही इंजिनं बनवली म्हणून पूर्वी पार्टची अडचण नव्हती. मजबूत तर इतकं की आमच्याकडेच तीनदा उतरवून बोअर करून परत बसलं. पण दोन वर्षांपूर्वी ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटजवळ चीर गेली, दोनदा शिवून घेतली, तिसऱ्यांदा परत ऑइलमध्ये पाणी. आणि दुसरी गोष्ट आवाज. त्या केबिनमध्ये दोन माणसं मांडीला मांडी लावून बसली तरी बोलू शकत नाहीत, ओरडावं लागतं. बाबा आता 74 चे, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, आणि कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं की आता आणखी आवाज कानावर पडू देऊ नका. म्हणजे रविवारचं स्टार्ट करणंही बंद. त्यानंतर दोन रविवार बाबा नुसते शेडमध्ये जाऊन बसून आले, ते मला बघवलं नाही.

मग इंजिन बदलायचं ठरलं. तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं की पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसिसची आडवी पट्टी, कापू, नवीन वेल्ड करू, पंधरा दिवसांत गाडी घेऊन जा. तिसरं हे देवास नाक्याचं, लसूडियाकडे जाताना वजनकाट्याच्या मागे टिनाची मोठी शेड आहे, बोर्ड वगैरे काही नाही. तिथल्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकही पाना हातात घेतला नाही. टेप, ओळंबा आणि पुठ्ठा. इंजिनच्या जागेचे पुठ्ठ्याचे फर्मे कापून कापून बघत होते, आणि संध्याकाळी म्हणाले, "भिया, चेसिस को हाथ नहीं लगाएंगे. कल को तुम्हारा लड़का पुराना इंजिन वापस डालना चाहे तो डाल सके." मी तिथेच हो म्हणलं, रेटही नंतर विचारला.

इंजिन निवडलं फोर्स ट्रॅव्हलरचं 2.6 लिटर कॉमन रेल, चार सिलिंडर, 2596 सीसी. मर्सिडीजच्या जुन्या डिझेलवरून वाढत आलेला खानदान आहे हा, आणि ट्रॅव्हलर बनते आपल्या पीथमपूरला, त्यामुळे इंदूरात पार्ट आणि ओळखीचा मिस्त्री दोन्ही मिळतात, जे या सगळ्या खटाटोपात सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं मत. हेच 2596 सीसी इंजिन फोर्सच्याच 2021 च्या गुरखा जीपमध्ये 91 हॉर्सपॉवर आणि 250 न्यूटन मीटर देतं, म्हणजे अर्ध्याहून थोड्याच जास्त आकारात जुन्या पी-सिक्सपेक्षा जास्त ताकद. आम्ही मुद्दाम बीएस-4 चं, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांचं इंजिन घेतलं. बीएस-6 ला सायलेन्सरमध्ये एवढे फिल्टर आणि सेन्सर येतात की 1958 च्या गाडीत ते सगळं बसवून नीट चालवणं फार अवघड, उस्तादांनी सरळ नाही म्हणलं. अपघातात मागून चेपलेल्या एका ट्रॅव्हलरचं इंजिन, गिअरबॉक्स, पूर्ण वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर, चावीसकट इमोबिलायझर असा सगळा सेट त्यांनी कागदांसह आणला. सेट पूर्ण घ्या हे तर मी कोणालाही सांगेन, नुसतं इंजिन स्वस्तात उचलून आणलं आणि ईसीयू दुसऱ्या गाडीचा निघाला की चावी ओळखतच नाही, मग बसा धक्के मारत.

आवाज कमी का होतो ते उस्तादांनी चहा पिता पिता समजावलं आणि मला ते पहिल्यांदा नीट कळलं. डिझेल आत फवारल्यावर लगेच पेटत नाही, क्षणभर थांबतं, तेवढ्या वेळात आणखी डिझेल जमा होतं आणि मग सगळं एकदम भडकतं, तोच तो टकटक टकटक ठोका. पी-सिक्समध्ये बाजूच्या छोट्या चेंबरमध्ये जळायला सुरुवात होते म्हणून धक्का थोडा मवाळ असतो, पण पंप जे द्यायचं ते एका दमात देतो आणि एवढं जाड लोखंड वाजतंच. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बारवर आधीच दाबून तयार असतं आणि ईसीयू इंजेक्टरला सांगतो की आधी चिमूटभर सोड. ते चिमूटभर पेटून आतली हवा गरम होते आणि मग मुख्य डिझेल येतं ते येईल तसं शांतपणे जळत जातं. फोडणीत आधी मोहरी तडतडू द्यायची आणि मग भाजी टाकायची तसंच आहे, असं आई ऐकून म्हणाली, आणि मला वाटतं तिला माझ्याआधी समजलं.

आता कामाबद्दल. सहाच्या जागी चार सिलिंडर म्हणजे इंजिन आखूड, त्यामुळे फॅन आणि रेडिएटरच्या मध्ये चांगली वीतभर रिकामी जागा राहिली. तिथे इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, बसवला. इंजिनचा चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, पुढच्या ॲक्सलला लागत होता म्हणून इंजिन दोन इंच मागे घेतलं, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढा आखूड करून इंदूरच्याच पोलोग्राऊंड भागात बॅलन्स करून आणला. माउंटचे ब्रॅकेट नवीन बनवले पण बसवले चेसिसच्या जुन्याच भोकांत, बोल्टने, वेल्डिंगचा एक टाकाही चेसिसवर नाही, मी स्वतः खाली झोपून बॅटरीच्या उजेडात बघितलंय. इंजिन हलकं झाल्यामुळे गाडीचं नाक वर उचललं गेलं होतं, म्हणून पुढच्या स्प्रिंगांचा एकेक पाटा काढला आणि ते काढलेले पाटे ग्रीस लावून, गोणपाटात बांधून परत दिले. नवीन इंजिनला व्हॅक्यूम पंप आहे म्हणून ब्रेकला बूस्टर लावता आला, आधी ब्रेक म्हणजे पायाचं काम नव्हतं, पूर्ण अंगाचं काम होतं.

आणि एक गोष्ट जी मी सांगितलीही नव्हती. या इंजिनला ॲक्सिलरेटरची वायर नाही, पेडलला सेन्सर असतो. साधा उपाय म्हणजे ट्रॅव्हलरचा प्लॅस्टिकचा पेडल लावून मोकळं व्हायचं. उस्तादांनी जुना लोखंडी पेडल, आजोबांचा पाय लागून लागून गुळगुळीत झालेला, जागेवरच ठेवला आणि फळीखालून छोटी लिंक काढून सेन्सरला जोडली. बाबांनी त्यावर पाय ठेवला आणि खाली वाकून बघितलं, परत बघितलं, मग उस्तादांचा हात धरला. बोलले काही नाहीत.

तक्रारी पण आहेत आणि त्या लिहायलाच पाहिजेत. सांगितले होते सहा आठवडे, लागले चार महिने. वायरिंग करणारा पोरगा बाहेरून येतो, त्याचं लग्न निघालं, मग पाऊस, मग पार्ट, आणि प्रत्येक वेळी फोन मीच करायचा, तिकडून एकदाही आला नाही. मला उशिराचं एवढं नाही वाटलं जेवढं न सांगण्याचं वाटलं. दुसरं, पहिल्या ट्रायलला फॅनचं कव्हर न बनवताच गाडी दिली आणि चढावर टेम्परेचरचा काटा वर गेला, कारण इंटरकूलरच्या मागून फॅन हवा ओढणार कुठून, मधल्या फटीतूनच ओढत होता. नंतर पत्र्याचं कव्हर बनवून फट बंद केली, आता काटा अर्ध्याच्या वर जात नाही. पण हे आधी सुचायला हवं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, जुनी टाकी. जुन्या पंपाला थोडा गंज चालून जायचा, कॉमन रेलच्या इंजेक्टरला केसाएवढाही कण चालत नाही. त्यांनी टाकीत साखळी घालून, हलवून, धुऊन दिली होती तरी तेजाजी नगरच्या चौकात गाडीनं एकदम पिकअप सोडला, चेक लाइट लागली, आणि ट्रॅफिकमध्ये बाबा आत आणि मी मागे हात दाखवत उभा. फिल्टर उघडला तर तांबडं पाणी. त्यानंतर आतून नवीन पत्र्याची टाकी बनवली, बाहेरून जुनाच साचा दिसतो, आणि पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर वेगळा लावला. खर्च त्यांनी निम्मा सोसला. तुम्ही जुन्या गाडीत कॉमन रेल बसवणार असाल तर टाकी आणि लाइन पहिल्या दिवशीच नवीन करा, इंजेक्टरच्या किमतीपुढे टाकी काहीच नाही.

एकूण खर्च 3 लाख 85 हजार झाला, त्यात इंजिनचा सेट निम्म्याहून जास्त. कागदांचं पण ऐका. मोटार व्हेइकल ॲक्ट 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून अर्ज आधी, पाना नंतर, आणि नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. आणखी एक, 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या विंटेज गाड्यांचे जे नियम आले ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकी गाड्यांसाठी आहेत, ट्रकला तो मार्ग तसाही नाही. इंजिन बदलावं का यावर आम्ही घरी महिनाभर वाद घातला. काका म्हणाले की इंजिन गेलं तर फारगो कसली, नुसतं खोकं. त्यांचं म्हणणं खोटं नाही, तो पी-सिक्सचा आवाज गल्लीच्या टोकाला आला की आजी चहा टाकायची असं आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पण चीर गेलेल्या इंजिनावर शेडमध्ये उभी गाडी आणि तिच्याजवळ बसलेले बाबा, हे मला जास्त चुकीचं वाटत होतं. पी-सिक्स भंगारात दिलेलं नाही. उस्तादांनी ते धुऊन, ऑइल लावून लाकडी पेटीत बंद करून दिलंय, राऊच्या शेडमध्येच आहे. काका महिन्यातून एकदा येऊन पेटीवरची धूळ पुसतात.

मी पाचपैकी चार देईन, एक उशिराचा आणि न कळवण्याचा कापला. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जाऊ नका, उस्ताद भेटत नाहीत, आणि गेल्यावर घाई दाखवू नका.

दिवाळीनंतर आम्ही तिघं तिला घेऊन सनावदला गेलो, आजोबांच्याच रस्त्यानं, सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल. परत येताना घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढली, जिथे आधी पहिला टाकून मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या. आणि इंजिन गप्प झाल्यावर बाकीची गाडी ऐकू यायला लागली ना, डिफरन्शियलची बारीक घुईं, दाराच्या काचेची थरथर, मागच्या फाळक्याची साखळी, हे सगळे आवाज साठ-पासष्ट वर्षं तिथेच होते आणि आम्हाला माहीतच नव्हते. आई मध्ये बसली होती. बलवाड्याच्या पुढे ती बाबांना म्हणाली की इथे पूर्वी सीताफळं मिळायची ना, साध्या आवाजात, घरात म्हणावं तसं, आणि बाबा हो म्हणाले. मग ते बोलतच राहिले. आजोबांबरोबर जाताना आवाजामुळे सगळं हातानं चालायचं, डॅशबोर्डवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे पाणी, मांडीवर थाप म्हणजे झोपू नकोस, हे बाबांनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

बडवाह आलं आणि बाबांना चहा हवा होता. मी गाडी चालवत होतो, आमच्या मध्ये फक्त आई होती, नुसतं म्हणले असते तरी ऐकू आलं असतं. त्यांनी डॅशबोर्डवर एक थाप मारली. मी गाडी बाजूला घेतली.