क्वेरी मॉनिटर: मेमरीच्या त्रुटीचा माग काढताना आलेला अनुभव

तारकर्लीतील आमच्या मावशींच्या होमस्टेची वेबसाइट मी सांभाळतो. ती वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर आहे आणि एका साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट्समध्ये वाटलेल्या सर्व्हरवर चालते. क्वेरी मॉनिटर हे साइटच्या कामाची मोजमापे दाखवणारे मोफत प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्राम) मी तिच्यावर बसवले त्याला आता बरेच महिने झाले असून दिवाळीपासून मे अखेरपर्यंतचा पर्यटकांचा सगळा हंगाम त्याच्या सोबतीने पार पडला आहे. एवढ्या वापरानंतर त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

तक्रार सुरू झाली ती फोटोंपासून. मावशी मोबाईलवरून सिंधुदुर्ग किल्ल्याचे, कर्ली नदीच्या संगमाचे, सुरमईच्या ताटाचे फोटो टाकत असत. ते अचानक अडू लागले. "फोटो चढत नाय रे," असा त्यांचा निरोप येई. एरर लॉगमध्ये, म्हणजे साइटच्या चुकांच्या नोंदवहीत, ओळ होती ती अशी, की मेमरीची १३४२१७७२८ बाइट्सची मर्यादा संपली. आणि पुढे नाव होते वर्डप्रेसच्याच चित्रे हाताळणाऱ्या फाईलचे. हा आकडा म्हणजे नेमके १२८ एमबी. होस्टिंगवाल्यांनी फोनवर मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला. फोटो मोठे आहेत, एवढेच त्यांचे निदान होते.

ते निदान वरवर पटण्याजोगे आहे. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर चार-पाच एमबीचा दिसला, तरी जीडी ही चित्रे हाताळणारी लायब्ररी तो उघडते तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट्स लागतात, म्हणजे एकट्या मूळ चित्रालाच सुमारे ४८ एमबी. त्यावर २५६० पिक्सेलची लहान प्रत तयार होताना आणखी वीसेक एमबी. अशा कामासाठी वर्डप्रेस स्वतःहून २५६ एमबीपर्यंत मर्यादा वाढवून मागते, पण आमच्या होस्टिंगने ती बदलायला बंदी घातलेली असल्यामुळे वर्डप्रेसची ही मागणी आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या फाईलमध्ये मर्यादा वाढवण्यासाठी मी लिहिलेली ओळ, दोन्ही निष्फळ ठरल्या. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ या तपासणी-पानाच्या माहितीत मर्यादा १२८ एमबीच दिसत राहिली. तरीही प्रश्न उरत होता: तेवढेच मोठे फोटो आदल्या वर्षी विनातक्रार कसे चढत होते?

इथे क्वेरी मॉनिटर उपयोगी पडले. ते वरच्या पट्टीत प्रत्येक पानाला लागलेला वेळ, मेमरीचा सर्वोच्च वापर आणि डेटाबेसकडे गेलेल्या क्वेरींची (माहितीच्या मागण्यांची) संख्या दाखवते, आणि आत ओव्हरव्ह्यूमध्ये मेमरीचा वापर मर्यादेच्या किती टक्के झाला हेही सांगते. साइटवर काहीही नवे टाकलेले नसताना डॅशबोर्डच्या त्याच पानाचा आकडा आठवड्यागणिक चढत होता. सत्तर एमबीच्या पुढे गेलेल्या पानावर अडुसष्ट एमबीचे चित्राचे काम आले, की १२८ची मर्यादा मोडणारच. त्रुटीत ज्या फाईलचे नाव येते ती शेवटची मागणी करणारी फाईल असते; मेमरी आधीच कोणी अडवून ठेवली आहे, हे त्या ओळीत कुठेही लिहिलेले नसते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो ध्यानात न घेताच लोक मोठ्या प्लॅनचे पैसे भरतात.

मात्र कोणते प्लगिन किती मेमरी खाते, हे क्वेरी मॉनिटर वेगळे करून सांगत नाही. त्यासाठी हेल्थ चेक प्लगिनचा ट्रबलशूटिंग मोड वापरला. त्यात बंद केलेली प्लगिने फक्त आपल्यापुरती बंद होतात, पाहुण्यांना साइट नेहमीसारखीच दिसते आणि बुकिंग चालू राहते. ऐन हंगामात हे फार मोलाचे होते. एकेक प्लगिन सुरू करून आकडा पाहत गेल्यावर भेट देणाऱ्यांची गणती ठेवणाऱ्या एका प्लगिनपाशी तो एकदम उसळला.

डेटाबेसमधील ऑप्शन्सच्या (सेटिंग्जच्या) तक्त्यात ऑटोलोड होणाऱ्या, म्हणजे प्रत्येक पानासोबत आपोआप मेमरीत येणाऱ्या नोंदी लांबीनुसार लावल्या, तेव्हा कारण उघड झाले. ते प्लगिन प्रत्येक भेटीचा तपशील एकाच नोंदीत जोडत जात होते आणि ती नोंद प्रत्येक पानाबरोबर लोड होत होती. एवढा लांबलचक मजकूर उलगडून त्याचा अ‍ॅरे (घटकांची यादी) झाला, की मेमरीत तो मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा घेते. प्लगिन कायमचे बंद केल्यावर आकडा बराच खाली आला, पण पूर्ण नाही, कारण प्लगिन बंद झाले तरी ऑटोलोडची नोंद लोड होतच राहते. बॅकअप घेऊन ती नोंद काढल्यावर डॅशबोर्ड चाळीस एमबीच्या आसपास स्थिरावला आणि फोटो त्याच जुन्या प्लॅनवर चढू लागले. वर्डप्रेस ६.६ पासून अशा नोंदींची बेरीज ८०० केबीच्या वर गेली, की साइट हेल्थच इशारा देते. आपली आवृत्ती जुनी असेल तर निदान एवढ्यासाठी तरी ती अद्ययावत करावी.

क्वेरी मॉनिटरचे दोन दोष सांगायलाच हवेत. ते स्वतःही थोडी मेमरी घेते, त्यामुळे मर्यादेच्या काठावर असलेल्या साइटवर ते तपासापुरतेच सुरू ठेवावे. शिवाय क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे सुरू करणाऱ्या यंत्रणेने, मागच्या बाजूला चालणारी कामे त्याच्या पट्टीत येत नाहीत. रात्रीचा बॅकअप मेमरीअभावी अडला, तर त्यासाठी एरर लॉगच उघडावा लागतो.