पिल्लं विकतात पण आई दाखवत नाहीत, 1 स्टार

भाचीला लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) हवा होता म्हणून पुण्यातल्या एका पेट शॉपमध्ये गेलो, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अशी दुकानं ढीगभर आहेत. दुकान चकाचक, एसी, स्टाफ गोड बोलतो, नखं कापायला आणि आंघोळीला चांगलंय. तक्रार पिल्लांची आहे.

पिल्लू "45 दिवसांचं आहे" असं अभिमानाने सांगतात. अहो 2017 च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायलाच बंदी आहे, म्हणजे 56 दिवस! तर म्हणे "सर सगळे असंच देतात, लहान असलं की लळा लागतो". लळा लागतो हो, पण किती जोरात चावायचं नाही हे पिल्लू आई-भावंडांकडनंच शिकतं ना. मला तर वाटतं उरलेल्या दिवसांचं खाणं वाचवायचं असतं, बाकी काही नाही.

आई बघायची म्हणलं तर "ती फार्मवर आहे". फार्म कुठाय? "लांब आहे सर". आता नियम असा की मादीला दीड वर्षाच्या आधी क्रॉस करायचं नाही, लागोपाठ दोनदा नाही, आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेत, आठ वर्षांनंतर बंद. पण कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि ती कुणाला दिसतच नसेल तर वेतं मोजणार कोण? आणि कुणी पकडलाच तरी 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, यांच्या पार्किंगला त्याहून जास्त पडत असतील.

मग "केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरवालं हवं का विदाऊट?", भाव वेगळा. पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीचा त्याच्याशी संबंध नाही, लॅबमध्ये हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) कॉमन आहे म्हणून आईबापाचे एक्सरे मागितले तर माणूस नुसता बघत राहिला. गॅरंटी काय तर तीन दिवसांत काही झालं तर दुसरं पिल्लू, मिक्सर बदलून दिल्यासारखं. पार्वोची (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागण झाल्यावर लक्षणं दिसायलाच साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे गॅरंटी संपली की पिल्लू आजारी, हिशोब बरोबर लावलाय!

काचेमागे हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातला कुत्रा, पण ठेवलाय. पुण्यात, मे महिन्यात. असो.

शेल्टरमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला तर तिच्याकडे दोन मोठे लॅब पडून आहेत, मालक घर बदलताना सोडून गेले, एकाची नसबंदीही झालीये. भाची या शनिवारी बघायला जातीये. इथे ग्रूमिंगला जायचं तर खुशाल जा, पण रविवारी नको, लई गर्दी असते.