पेटी की तबला? सोलापुरातल्या पालकांसाठी

आमच्याकडे थोरली पेटी (हार्मोनियम) शिकते, धाकटा तबला. क्लासची फी भरण्याआधी ज्यांचं ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पेटीवर पहिल्या दिवशीही सूर जागेवर लागतो. पट्टी दाबली, भाता हलवला की झालं. अलंकार (सुरांचे सरावाचे पलटे) पाठ होतात, एखादी प्रार्थना बसते, पाहुण्यांसमोर कौतुक होतं. कंटाळा येतो तो पुढे, दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, बोटं अडखळायला लागली की. तबल्याचं उलटं. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकवून तर्जनी चाटेवर (बाहेरच्या काठावर) मारायची, आणि तो ‘ना’ हा बोल खणखणीत निघेपर्यंत घरच्यांनी नुसतं टकटक ऐकायचं. पहिल्या महिन्यातच ‘हे सोडवावं का?’ असं वाटतं. थोडं थांबा.

तरी ज्या घरात कुणाला गाण्यातलं कळत नाही, तिथे मी तबल्याच्या बाजूने. तीनतालाच्या 16 मात्रा (ठोके) कोणीही मोजेल: पहिली, पाचवी आणि तेरावी टाळी, नववी ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवता नुसता हात उघडायचा. मूल वाजवतं, आपण समोर बसून टाळी द्यायची. पेटीवर बोट चुकलं तर कळतं, पण भाता धसमुसळा चाललाय की बोटांची फिरत चुकतेय, हे आपल्याला कसं सांगता येणार?

आता आपल्या उन्हाचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) ताणते, सूर चढतो. पावसाळ्यात तीच उतरते. म्हणजे हातोडीने ठोकून सुरात मिळवणं आलं, आणि ते लहान मुलाला जमत नाही. क्लासच्या सरांकडून स्वतः शिकून घ्या. पेटीला हा त्रास कमी, पण तिला कूलरसमोर ठेवू नका: ओलसर हवेने लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, सुरांवर (आतल्या आवाज देणाऱ्या पितळी पात्यांवर) कळंक चढतो. उंदरांना भात्याचं चामडं आवडतं, हेही लक्षात असू द्या.

परीक्षांचा प्रश्न नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दोन्हींसाठी आहेत.

घरात भजन असेल तर आजोबा ‘पखवाजच शिकव’ म्हणतील. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, म्हणणं रास्त आहे. पण पखवाजाची थाप उघड्या पंजाची, तबल्यात बोटांचं काम जास्त. सुरुवातीला दोन्ही एकदम नको.

खरेदी क्लास सुरू झाल्यावर करा. तबला घेताना मात्र पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुरात लावायचा, ते सरांना विचारूनच. लहान तोंडाचा तबला चढ्या सुरात बोलतो, तो काळी एकपर्यंत (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरापर्यंत) उतरवायला गेलात तर आवाज बसतो. घरात पुढे पेटीही येणार असेल, तर हे आधीच बोलून घ्या.