दोन खुबे, दोन रात्री : पेंग ब्लॉकचा अनुभव

माझे दोन्ही खुबे बदललेत. डाव्याच्या वेळी फक्त कमरेत भूल दिली होती. संध्याकाळी पाय जागा झाला आणि ठणका सुरू झाला. रात्रभर इंजेक्शनं, त्यांनी ओकाऱ्या, आणि ओकारी आली की खुब्यात कळ. दुसऱ्या दिवशी फिजिओ वॉकर घेऊन आला, तर मी रडायलाच लागले. त्या धास्तीने उजवा खुबा दोन वर्षं टाळला.

या वेळी हॉस्पिटल बदललं. भूलतज्ज्ञ मॅडम आदल्या दिवशी खोलीत येऊन बसल्या, मागच्या वेळचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काकू, या वेळी आधी पेंग ब्लॉक देऊ." नाव पेंग (PENG, इंग्रजी नावाचं लघुरूप) असलं तरी गुंगी येत नाही, मी टक्क जागी होते. जांघेशी सोनोग्राफी लावून, पडद्यावर सुई बघत त्यांनी 20 मिली बधिरतेचं औषध सोडलं. खुब्याच्या पुढच्या भागाच्या संवेदना नेणाऱ्या बारीक नसा त्याने बधिर होतात. ही पद्धत तशी नवी, 2018 मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालेली. जुन्या फॅशिया इलियाका ब्लॉकमध्ये (तोही जांघेतूनच देतात, पण मांडीच्या नसा बधिर करतो) मांडीचा जोरही जातो आणि उठताना पडायची भीती असते. यात तो बहुतेक टिकतो. त्याच संध्याकाळी मी वॉकर धरून दारापर्यंत गेले! टाक्यांपाशी चुरचुरत होतं आणि मागच्या बाजूला जड वाटत होतं, ते खरं. पण डाव्या वेळचा ठणका नव्हता.

तक्रार एकच, पण मोठी. रात्री नऊला सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. दुखत नव्हतं म्हणून मी नको म्हटलं, त्यांनीही आग्रह केला नाही. पहाटे तीनला ब्लॉक उतरला आणि कळ अशी उठली की ह्यांना घाबरून बेल दाबावी लागली. ब्लॉक उतरायच्या आधी गोळी पोटात हवी, हे सकाळी मॅडमनी सांगितलं. वॉर्डात रात्रीच कुणी सांगायला नको का?

ब्लॉकचे पैसे बिलात वेगळे लागले. मला जड गेले नाहीत.

खुबा बदलायचा असेल तर सर्जनबरोबर भूलतज्ज्ञांनाही भेटा. सोनोग्राफीवर ब्लॉक देतात का आणि मशीन थिएटरमध्ये आहे का, हे विचारा. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, त्यामुळे ते असेलच असं धरून चालू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.