वापरलेल्या ब्लॉकवर हेड गॅस्केट: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामध्ये गळती रोखणारे हेड गॅस्केट उडाले की आपल्याकडे बहुतेक वेळा हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला जाते, नवे गॅस्केट येते आणि ब्लॉकची वरची बाजू मात्र गाडीतच खरवडून, पुसून घेतली जाते. माझ्या जुन्या डिझेल जीपचे हेड एका गॅरेजमध्ये असेच बसवले गेले होते, आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीतून गॅस्केट पुन्हा गेले. त्यानंतर इंजिन उतरवून आधी ब्लॉकचे काम करून घेतले. पावसाळ्याच्या तोंडावर जोडलेल्या या इंजिनाने आता कडक उन्हाळाही काढला आहे, त्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

जुना कात्रज घाट, साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ, भर दुपारी नवले पुलाजवळची कोंडी या सगळ्यांत तापमानाचा काटा जागचा हललेला नाही आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलेली नाही. मला सर्वांत बोलकी वाटते ती सकाळची खूण. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा रेडिएटरचा वरचा होज पूर्वी दाबून पाहिला तर टणक लागत असे, कारण सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत शिरून तिथे दाब धरून राहत होता. आता तो मऊ लागतो.

ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असेल तर गॅस्केटवर दुहेरी ताण येतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे इंजिन गरम-थंड होताना प्रत्येक वेळी हेड गॅस्केटवर किंचित सरकते. खालचा पृष्ठभाग खरखरीत किंवा खड्डे पडलेला असेल, तर या सरकण्यात गॅस्केटवरचा लेप फाटत जातो. त्यामुळे केवळ हेड सपाट करून अर्धेच काम होते.

ब्लॉक स्वच्छ केल्यावर चांगल्या प्रतीची स्ट्रेट एज (अचूक सरळ कडेची पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) सरकवून पाहावे. अनेक इंजिनांसाठी साधारण ०.०५ मिमीपर्यंतचा फरक चालतो, पण आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा. माझ्या ब्लॉकवर नेमक्या त्या मधल्या पट्टीपाशी ०.०८ मिमीची पाती सहज गेली. शिवाय पाण्याच्या एका भोकाच्या काठाला गंजाने खाल्लेला खड्डा होता आणि त्यावरून नख फिरवले की अडकत होते. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये नुसते बोअरचे पाणी भरल्याचा हा परिणाम. असा खड्डा गॅस्केटच्या सिलिंडरभोवतीच्या कड्याखाली येत असेल, तर सीलंट थापून तो झाकण्याचा विचारही करू नये.

भोसरीच्या एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये ब्लॉक ग्राइंडिंगला दिला. तिथे किती माल काढायचा याइतकेच पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हेही स्पष्ट सांगावे लागते. जुन्या पद्धतीच्या कंपोझिट गॅस्केटला थोडा खरखरीतपणा चालतो. अनेक थरांच्या स्टीलच्या, म्हणजे एमएलएस गॅस्केटला साधारण ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिनिश लागते. ड्रिलला खरखरीत चकती लावून ब्लॉक चमकवण्याची पद्धत मला अत्यंत घातक वाटते. त्याने कडेला खोलगट भाग तयार होतात, आणि चकतीतून सुटलेले कण तेलाच्या वाटेत गेले तर बेअरिंग खातात.

डिझेल इंजिनात ब्लॉकचा माल काढला की पिस्टन तेवढाच वर येतो. म्हणून जोडणीच्या वेळी डायल गेजने प्रत्येक पिस्टनची उंची मोजली आणि त्यानुसार एक श्रेणी जाड गॅस्केट नाना पेठेतून आणले. जाडीची खूण गॅस्केटच्या कडेला खाचांनी किंवा भोकांनी दिलेली असते. दुकानात ती स्वतः तपासून घ्यावी.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहतात ती बोल्टची भोके. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर घर्षणातच जातो, प्रत्यक्ष दाबायला उरतो तो फार थोडा. आटे घाण असतील तर टॉर्क रेंच योग्य आकडा दाखवते आणि हेड मात्र सैलच राहते. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेले असेल, तर बोल्टखाली ते दाबले जाऊन ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. माझ्या ब्लॉकच्या भोकांतून गंज आणि जुने तेल मिळून झालेला काळा लगदा निघाला. आटे नव्याने कापणारा टॅप न वापरता केवळ साफ करणारा चेझर फिरवला, भोकांत हवा मारली आणि प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत जातो याची खात्री केली. भोकाच्या तोंडाशी पहिला आटा वर ओढला जाऊन ब्लॉकवर बारीक उंचवटा तयार झालेला असतो. तिथे हलकी चॅम्फर मारून, म्हणजे भोकाची कड किंचित तिरकी कापून घेतली. बोल्ट नवेच घेतले, कारण ठरावीक कोनात फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात आणि पुन्हा भरवशाचे राहत नाहीत.

धुतलेले उघडे बीड पावसाळी हवेत पाहता पाहता तांबूस होते. त्यामुळे धुऊन वाळवताच तेलाचा हात फिरवावा आणि गॅस्केट ठेवण्याच्या अगदी आधी ब्रेक क्लीनरने पृष्ठभाग पूर्ण कोरडा करावा. एमएलएस गॅस्केटवर वेगळे सीलंट लावू नये. माझ्या गॅस्केटबरोबर आलेल्या सूचनेतही तेच होते.

प्रत्येक ब्लॉकला ग्राइंडिंग लागतेच असे नाही. फरक मर्यादेत असेल आणि कड्याखाली खड्डे नसतील, तर निगुतीने केलेली सफाई आणि आट्यांचे काम पुरेसे आहे. ग्राइंडिंग करायचेच ठरले, तर इंजिन क्रमांक ब्लॉकवर कुठे कोरला आहे हे आधी पाहावे. काही इंजिनांत तो वरच्या पृष्ठभागाच्या पातळीतच असतो. तो घासला गेला तर आरसी बुकातील इंजिन क्रमांकाशी जुळवायला इंजिनावर काहीच उरत नाही. मशीन शॉपला तो भाग खडूने खूण करून दाखवावा आणि ब्लॉक देण्यापूर्वी त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा.