अस्वलासाठीचा स्प्रे: सॅकमध्ये नको, छातीवर हवा

अस्वलांच्या जंगलात मी अंगावर येणाऱ्या अस्वलाला परतवणाऱ्या या स्प्रेशिवाय पाऊल टाकत नाही. हा माझा दुसरा डबा. पहिल्याची चार वर्षांची मुदत न वापरताच संपली, आणि त्याचा मला आनंदच आहे.

आत १ ते २ टक्के कॅप्सेसिनॉइड, म्हणजे मिरचीतला जाळ. दाबला की केशरी धुक्याचा लोट आठ-दहा मीटर जातो आणि सात-आठ सेकंदांत डबा रिकामा. अस्वल ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर! म्हणून नेम थोडा खाली धरायचा. अस्वल धावत येऊन त्या धुक्यात शिरलं पाहिजे. अलास्कातल्या घटनांवरचा २००८ सालचा अभ्यास सांगतो, की तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारला तेव्हा ९२ टक्के वेळा त्यांनी त्रास देणं थांबवलं.

माझी तक्रार आहे ती सोबत आलेल्या पिशवीबद्दल. झाकणाला जाड वेलक्रो. पाण्याच्या सरावी डब्यावर घरीच तालीम केली, तर झाकण उघडून खटका चुकून दाबला जाऊ नये म्हणून लावलेली क्लिप काढेपर्यंत चक्क पाच सेकंद गेले. पिशवी त्याच दिवशी बदलली. आता वरून उघडं होल्स्टर छातीच्या पट्ट्याला असतं आणि हात दीड सेकंदात पोचतो. सॅकच्या तळाशी ठेवलेला स्प्रे म्हणजे नुसतं ओझं, हे मी प्रत्येक सोबत्याला सांगते.

गेल्या मोसमात एका वळणावर तीस-चाळीस पावलांवर तपकिरी मादी उभी होती, मागे दोन पिल्लं. क्लिप काढली, अंगठा खटक्यावर ठेवला आणि हळू आवाजात बोलत मागे सरकत राहिले. अंगठ्याखालचं प्लॅस्टिक घामाने ओलं झालेलं आजही आठवतं. तिने नाक वर करून वास घेतला आणि पिल्लांना घेऊन झुडपात शिरली. फवारायची वेळ आलीच नाही.

तंबूवर किंवा कपड्यांवर हा स्प्रे चुकूनही मारू नका. डासांच्या औषधासारखं त्याचं काम नाही, उलट वाळलेल्या अंशाच्या वासाने अस्वल जवळ येऊ शकतं. उन्हात तापलेल्या गाडीत डबा फुटू शकतो. विमानात तर नेताच येत नाही, म्हणून पोचल्यावर घ्या आणि आधी डब्यावरची मुदत वाचा.